गप्पा रंगल्या, पण मीठ किती?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पॉडकास्टची ओळख करून देणारा मजकूर येतो. शेफ मंडळींशी झालेल्या गप्पांना त्यात हल्ली बरीच जागा मिळते आणि ती मिळायलाच हवी. फक्त 'दिलखुलास', 'रंगतदार', 'पडद्यामागचे किस्से' एवढ्या विशेषणांवर शिफारस संपते, हे खटकतं. आमच्यापैकी एक जण ध्वनिसंपादन करतो आणि दुसरी पाककृती छापायला जाण्याआधी त्या करून तपासते, त्यामुळे अशा गप्पा आम्ही जरा वेगळ्या कानांनी ऐकतो. त्या रेकॉर्ड होतात करमणूक म्हणून, पण ऐकणारा त्यांच्याकडे माहिती म्हणून बघतो. ऐकलेली युक्ती तो दुसऱ्या दिवशी गॅसवर करून बघतो आणि ऐकलेला इतिहास चारचौघांत सांगतो. तेव्हा गप्पा रंगल्या की नाही, याबरोबरच त्यातून हाती काय लागलं हेही परीक्षणात यायला हवं.

आधी मोजमाप. शेफला 'मीठ किती?' असं विचारलं की 'अंदाजानं' असं उत्तर येतं. ते खोटं नसतं. रोज तेच भांडं, तेच मीठ आणि तोच हात असला की अंदाज चुकत नाही. पण हा अंदाज माइकमधून पलीकडे पोचत नाही, आणि मुलाखतकार 'वा, हातालाच कळतं!' म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्यापेक्षा टेबलावर साधा वजनकाटा ठेवावा, 'तुमच्या पाच चिमटी यावर टाका' म्हणावं आणि येईल त्या आकड्याला पाचनं भागावं. पाच चिमटी अशासाठी, की घरगुती काटे बहुधा एकेक ग्रॅमच्या टप्प्यानं मोजतात आणि एका चिमटीला दाद देत नाहीत. लगेच पुढचा प्रश्न हवा: मीठ बारीक की पापुद्र्यांचं? चहाच्या चमच्यात बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम मावतं, पोकळ पापुद्र्यांचं मीठ जेमतेम ३ ग्रॅम. म्हणजे 'एक चमचा' ही माहिती बरोबर असूनही पदार्थ दुप्पट खारट होऊ शकतो.

कपाचंही तेच. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलीटरचा, मेट्रिक कप २५०चा, जपानी कप २००चा. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलिलीटरचा असतो, ऑस्ट्रेलियात २०चा. शिवाय कपात पीठ भुरभुरत घातलं की दाबून भरलं, यावर ते १२० ग्रॅम भरतं की १५०, हे ठरतं. पाहुणा कुठल्या देशात शिकला हे मुलाखतकाराला माहीत असतं, कारण ओळख करून देताना तो ते सांगतोच. मग 'तुमचा कप केवढा?' एवढंच विचारायचं बाकी राहतं. बेकरीतले लोक तर सगळं पिठाच्या टक्क्यांत बोलतात: पीठ १००, पाणी ६५, मीठ २. म्हणजे ५०० ग्रॅम पिठाला ३२५ ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम मीठ. ऐकता ऐकता टिपून घेता येईल अशी याहून सोपी भाषा नाही. तरी संपादनात हाच भाग 'फार तांत्रिक' म्हणून कापला जातो आणि परदेशातल्या पहिल्या नोकरीची हकिगत पंधरा मिनिटं चालते.

हॉटेलातलं प्रमाण नुसतं भागून घरी आणलं तर का फसतं, हेही या गप्पांमध्ये क्वचित निघतं. १० किलो ग्रेव्ही अर्ध्या किलोवर आणायची तर घटक विसाव्या हिश्शाइतके घ्यायचे, पण पाणी आटण्याचा वेग भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर आणि आचेवर ठरतो. खोल पातेल्यात जी ग्रेव्ही तासाभरात जेमतेम आटते, ती पसरट कढईत दोन बोटं उंचीची असली तर दहा मिनिटांत तळाला लागते आणि मीठ वर येतं. म्हणून 'किती वेळ शिजवता?' हा प्रश्न एकटा निरुपयोगी आहे. भांडं केवढं, थर किती जाड आणि शेवटी वजन किती उरलं, हे तीन प्रश्न त्याच्या जोडीला हवेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच शेफना चटकन देता येत नाही, पण ते विचार करायला लागतात आणि गप्पांचा सूर बदलतो तो तिथं.

कांद्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयावर सर्वांत जास्त खोटे आकडे कांद्याच्याच वाट्याला आले आहेत. 'पाच-सात मिनिटांत कांदा छान तांबूस होतो' हे वाक्य आम्ही किती मुलाखतींत ऐकलं असेल! कांद्यात जवळपास ९० टक्के पाणी असतं. ते उडून जाईपर्यंत कढईतला कांदा १०० अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही आणि रंग भराभर चढायला साधारण १४० अंशांच्या पुढं जावं लागतं. अर्धा किलो कांदा न करपवता गडद तांबूस करायला अर्धा ते पाऊण तास लागतो. शेफच्या तोंडी पाच मिनिटं येतात, कारण त्याच्या स्वयंपाकघरात कांदा सकाळीच कुणीतरी परतून ठेवलेला असतो. 'हा कांदा कोण परततं आणि किती वाजता?' असं विचारलं की वेळेचा हिशेबही जुळतो आणि ज्यांचं नाव पाटीवर नसतं त्या माणसांची गोष्टही बाहेर येते. फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफिए (१८४६–१९३५) यांनी नीट बसवलेली कामांची वाटणी – सॉस एकाकडे, भाजणं दुसऱ्याकडे, थंड पदार्थ तिसऱ्याकडे – आजही मोठ्या स्वयंपाकघरांत दिसते. तिथली संस्कृती कळायची तर मुलाखत या वाटणीतून जायला हवी. 'तुमचं पॅशन काय?' या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच असतं.

दुसरी गोष्ट इतिहासाची. शेफ हा इतिहासकार नसतो आणि त्यानं तसं असावं अशी अपेक्षाही नाही. पण मुलाखतकारानं मान डोलावली की ऐकीव गोष्टीवर शिक्का बसतो. पास्ता मार्को पोलोनं चीनहून आणला, ही अशीच एक गोष्ट. पोलो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी भूगोलकार अल-इद्रिसीनं सिसिलीत पिठाचे सुके तंतू तयार होऊन गलबतांनी बाहेर जात असल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि जिनोव्हामधल्या १२७९ च्या एका मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीची टोपली नोंदलेली आहे. पोलोची गोष्ट लोकांच्या तोंडी बसवण्यात मोठा वाटा होता तो १९२९ मध्ये अमेरिकेतल्या मॅकरोनी उत्पादकांच्या व्यापारी नियतकालिकात आलेल्या मजकुराचा. क्रोसाँ १६८३ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यानंतर तुर्की चंद्रकोरीवरून निघाला, हीसुद्धा त्याच जातीची कथा. चंद्रकोरीच्या आकाराचा किप्फर्ल हा पाव त्या वेढ्याच्या आधीपासून होता. पॅरिसमध्ये व्हिएन्नाच्या धर्तीची बेकरी आउगुस्ट झांग यानं १८३८-३९ च्या सुमारास काढली. पापुद्रे सुटलेला आजचा क्रोसाँ तर त्याहून बराच अलीकडचा.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सरदारांचे आचारी बेकार झाले आणि त्यांनी रेस्टॉरंटं काढली, ही गोष्ट अर्धी खरी आहे. तशी काही निघालीही. पण पॅरिसमध्ये रेस्टॉरंटांची सुरुवात १७६०च्या दशकातच झाली होती, म्हणजे क्रांतीच्या वीसेक वर्षं आधी. सडलेल्या मांसाचा वास झाकायला युरोपात मसाले वापरत, हे तर जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत येतं. त्या काळी मसाले मांसाहून कितीतरी महाग होते. ज्याला ते परवडत त्याला ताजं मांस परवडत नव्हतं, असं कसं मानायचं?

तपासायला फार विद्वत्ता लागत नाही. पाहुण्याच्या आधीच्या दोन-तीन मुलाखती ऐकल्या की तो नेहमी कोणत्या गोष्टी सांगतो ते कळतं. त्यातल्या प्रत्येकीला दोन प्रश्न लावावेत: याचा सर्वांत जुना लेखी उल्लेख कधीचा? आणि ही गोष्ट पसरली तर कुणाचा माल खपतो? एक चाळणी तर फुकटची आहे. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, कोको आणि व्हॅनिला हे सगळं अमेरिका खंडातलं. कोलंबसच्या सफरीच्या, म्हणजे १४९२ च्या आधीच्या दरबारी मेजवानीच्या वर्णनात यातलं काही आलं तर वर्णन नंतरचं आहे. इतिहासाचा भाग रेकॉर्ड करताना हे सहा शब्द मुलाखतकाराच्या कागदावर असले तरी निम्मं काम होतं.

गोष्ट खोटी निघाली म्हणून ती कापावी, असं मात्र नाही. 'हे तुम्ही कुठं ऐकलंत?' असं विचारावं. 'माझ्या पहिल्या हेडशेफकडून' असं उत्तर आलं तर स्वयंपाकघरातलं ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे कसं जातं, याचा तो अस्सल पुरावा असतो. तो ठेवावा आणि पुढं एका वाक्यात खरी तारीख सांगावी. पाहुण्याचा अपमान होत नाही. उलट बहुतेकांना ते ऐकायला आवडतं.

विज्ञानाच्या बाबतीत एक गंमत माइकच उघड करतो. मांसाचा तुकडा तापलेल्या तव्यावर टाकला की 'बाहेरून कवच बसतं आणि रस आत कोंडला जातो' असं शेफ सांगतो, आणि त्याच्या आवाजामागं चर्रर्र असा आवाज चालूच असतो. तो आवाज आहे आतून आलेल्या पाण्याची वाफ होण्याचा. कवच जलरोधक असतं तर पहिल्या मिनिटानंतर तवा गप्प झाला असता. ही कल्पना युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८४७ मध्ये मांडली. पुढं ती प्रयोगात टिकली नाही, पण स्वयंपाकघरात टिकून राहिली. तीव्र आचेवर भाजल्यानं चव वाढते हे खरंच, पण ते लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये वर्णन केलेल्या, पदार्थ तांबूस करणाऱ्या अभिक्रियेमुळं. शेफची कृती बरोबर आणि कारण चुकीचं, असं अनेकदा होतं. कारण चुकलं की ऐकणारा नको तिथं ती कृती लावतो. कवच बसलं, आता कितीही शिजवा, असं समजून तो तुकडा कोरडा करून ठेवतो.

काही चुका मात्र गमतीच्या नसतात. लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवा, आठवडाभर सुगंधी तेल वापरा, असं सहज बोलून जातात. लसणावर मातीतले बोट्युलिनम या विषारी जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा नसते आणि लसूण आंबट नसतो, म्हणजे ते वाढायला हवी तशी जागा तयार. विष तयार झालं तरी वासात, चवीत काही कळत नाही. असं तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवायचं असतं. दुसरं उदाहरण राजम्याचं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा रात्रभर ठेवला तर तो मऊ होतो, पण त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन नष्ट होण्याइतकं तापमान त्या भांड्यात नेहमी येत नाही. किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय तो अशा भांड्यात घालू नये. उलट्या-जुलाबांना मूठभर दाणेही पुरतात.

इथं संपादनाचा एक मुद्दा आहे आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तासाभराच्या गप्पांतून मिनिटभराची चित्रफीत कापून ती समाजमाध्यमांवर टाकतात. मूळ मुलाखतीत शेफनं 'पण फ्रिजमध्ये हं' असं दहा सेकंदांनी म्हटलेलं असतं आणि कात्री नेमकी त्याच्या आधी पडते. उपाय रेकॉर्डिंगच्या वेळीच करायचा. युक्ती आणि तिची अट एकाच वाक्यात पुन्हा बोलून घ्यायची: 'लसणाचं तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.' मग कुठूनही कापलं तरी अट सुटत नाही.

आकड्यांनाही हीच शिस्त हवी. बोलण्यात 'साठ' आणि 'सात', 'पाऊण' आणि 'पावणेदोन' सहज गोंधळतात. यंत्रानं उतरवलेल्या मजकुरात तर विचारूच नका. आकडा एककासह दोनदा बोलावा: 'साठ ग्रॅम, सहा आणि शून्य.' ऐकायला जरा शाळकरी वाटतं, पण एकदाच वाटतं.

आवाजाविषयी थोडक्यात, कारण त्यावर मार्गदर्शन पुष्कळ मिळतं. चालू स्वयंपाकघरात बसून मुलाखत घेण्याचा मोह टाळावा. फरशा आणि स्टील आवाज परत फेकतात, धुराड्याचा पंखा सतत घरघरतो आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनच सुरू होतो. हा शेवटचा त्रास सर्वांत वाईट, कारण कापाकापी केली की मागची घरघर एका वाक्यात असते आणि पुढच्यात नसते. बोलणं शांत, गाद्या-पडद्यांच्या खोलीत घ्यावं. चरचर, ठोकठोक, उकळी हे आवाज नंतर वेगळे घ्यावेत, माइक वाफेच्या झोताबाहेर हातभर लांब तिरका धरून. कंडेन्सर माइकच्या पडद्यावर दमटपणा बसला की तो तडतडायला लागतो.

बोलणाऱ्याचं तोंड माइकपासून वीतभराच्या आत आणि किंचित बाजूला असावं. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलनं उतरतो आणि खोलीचा आवाज मात्र तेवढाच राहतो. शेफ मंडळी हातवारे करत मागे रेलतात, म्हणून त्यांना हात असलेली, न फिरणारी खुर्ची द्यावी. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर आणि सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी. पाहुणा हसला तर तेवढी मोकळीक लागते. वेगळ्या ट्रॅकचा खरा फायदा असा, की मुलाखतकाराचे 'हं', 'अच्छा', 'क्या बात है' पाहुण्याच्या वाक्यावरून उचलून टाकता येतात. उठण्याआधी सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करावी, कारण जोड लपवायला तीच लागते. शेवटी आवाजाची सरासरी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आणि शिखर उणे १ डेसिबलच्या आत ठेवावं. अ‍ॅपलची पॉडकास्टसाठीची शिफारस तीच आहे. 'अं', 'म्हणजे' आणि मधल्या शांतता एका बटणात पुसणारी साधनं मात्र जपून वापरावीत. 'कशावरून कळतं?' या प्रश्नावर शेफ तीन सेकंद थांबतो आणि मग 'फेस मोठा असतो तो बारीक होतो आणि आवाज बसतो' असं सांगतो. ते तीन सेकंद कापले तर हे उत्तर पाठ केल्यासारखं ऐकू येतं.

चूक झाल्यावर काय करतात, यावरून कार्यक्रमाची पारख होते. चढवलेली ध्वनिफीत बदलता येते, पण ज्यांनी आधीच उतरवून घेतली आहे त्यांच्या फोनमध्ये जुनीच राहते. त्यामुळे गुपचूप फाइल बदलणं पुरेसं नाही. दुरुस्ती पुढच्या भागाच्या सुरुवातीला बोलून सांगावी आणि जुन्या भागाच्या टिपणात तारखेसह लिहावी. टिपणात प्रमाणं ग्रॅममध्ये द्यावीत. नुसती 'बत्तीसाव्या मिनिटाला ऐका' अशी खूण पुरत नाही, कारण जाहिराती ऐकणाऱ्यागणिक कमी-जास्त घातल्या जातात आणि मिनिटं सरकतात. आणि जाहिरातींचं निघालंच आहे तर, तव्याची कंपनी प्रायोजक असताना तव्यावर दहा मिनिटं बोलायचं असेल तर ते आधी सांगावं, शेवटच्या आभारात नव्हे.

आपल्याकडे एवढीच विनंती, की अशा कार्यक्रमाची शिफारस छापताना खाली दोन ओळी वाढवाव्यात: भागासोबत मोजमापांचं टिपण आहे का, आणि मागच्या चुकांची दुरुस्ती कुठं सापडते. परीक्षकानं त्या भागातली एक कृती, निदान साधीशी, करून बघितली तर फारच उत्तम. त्यासाठी बिर्याणी किंवा केक नको, कांदा परतायला घेतला तरी पुरे. घड्याळ मात्र समोर असावं.

आपले,
ध्वनिसंपादन आणि पाककृती-तपासणीचं काम करणारे दोन वाचक